घटपर्णीची वाटणी

हैदराबादच्या उन्हाळ्यात घटपर्णी जगवून दाखवलेला माणूस मी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे कुठे नम्रपणा आढळला तर तो छपाईचा दोष समजावा.

घटपर्णी म्हणजे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिचं चित्र असायचं तीच. पानाच्या टोकातून एक तार निघते, ती खाली लोंबते आणि तिच्या टोकाला एक तांब्या तयार होतो. तांब्याला गुळगुळीत काठ, वर झाकण, आत चार-दोन चमचे पातळ रस. काठावरच्या गोडाला भुलून मुंगी येते, माशी येते, पाय घसरून आत पडते, आणि काही दिवसांनी तिचं झाड होतं. ओल्या, निकस मातीत वाढणारी ही वेल. जमीन पोटाला काही देत नाही म्हणून हिने वरची सोय करून घेतली. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी झाली. बसल्या जागी तोंड उघडून वाट बघणाऱ्या या झाडाबद्दल मला पहिल्या नजरेतच आपुलकी वाटली.

पहिलं रोप शहरातल्या फुलझाडांच्या प्रदर्शनातून आणलं, केरळच्या एका रोपवाटिकेच्या मांडवातून. रोप तळहाताएवढं, तांबे तीन, प्रत्येक अंगठ्याएवढा. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी रोप गच्चीच्या जिन्यात ठेवलं आणि आईला त्याचा सगळा स्वभाव समजावून सांगितला. आईने चष्मा लावून तांब्यात डोकावून पाहिलं. आत एक मुंगी हातपाय मारत होती.

"ही बुडतेय," आई म्हणाली.

"बुडत नाहीये. ते त्याचं जेवण आहे."

"आपल्या घरात?"

"आपल्या जिन्यात."

आईने थोडा विचार केला. "श्रावणात तरी बंद ठेवायला सांग त्याला."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण आई जे बोलते ते विनोदाने बोलत नाही. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला. पूजा आटोपल्यावर आईने जिन्यात जाऊन तिन्ही तांब्यांत पळीपळी पंचामृत घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. हेतू सरळ होता: पोट भरलेलं असलं की ते कुणाचा जीव घेणार नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात असा वास सुटला की शेजारच्या वकिलीणबाई उंदीर मेला का म्हणून विचारून गेल्या. तांबे काळे पडले, मग पानं, आणि पंधरवड्यात रोप गेलं.

बरीच वर्षं मी या मरणाची गोष्ट आईच्या नावावर सांगत असे. खरं म्हणजे निम्मा गुन्हा माझा होता. मी त्याला बोअरचं पाणी घालत होतो. आमच्या बोअरच्या पाण्याने नळांना पांढरी दाढी येते. घटपर्णीला लागतं क्षार नसलेलं पाणी, म्हणजे पावसाचं किंवा त्याच्यासारखं. हे मला पुस्तकं वाचून कळलं, आणि पुढल्या वर्षी मी दुसरं रोप आणलं ते थेट ऑफिसात. तिथे आईही नव्हती आणि बोअरही नव्हतं.

आमचं ऑफिस एका जुन्या दगडी इमारतीत होतं. माझ्या टेबलामागे पूर्वेची मोठी खिडकी. मागच्या गॅलरीत साहेबांच्या खोलीतल्या एसीचं पाणी दिवसभर ठिबकायचं. हवेतून निघालेलं पाणी, त्यात क्षार कुठून येणार? खाली निळी बादली लावली आणि प्रश्न मिटला. ही युक्ती कुणाची, हे मात्र नक्की सांगता येत नाही. मी म्हणतो माझी. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी म्हणायचा, "हो अन्नय्या, तुमचीच." यावरून ती त्याची असावी.

हा सहकारी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, गोदावरीकाठच्या एका खेड्यातला, कुकटपल्लीत भाड्याने राहणारा. तो मला अन्नय्या म्हणे, मी त्याला तम्मुडू. म्हणजे थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. आमचं बोलणं तेलुगू, दक्खनी आणि हातवारे यांच्या मिश्रणात चाले. झाडाच्या बाबतीत कामाची विभागणी अशी होती: डोकं माझं, बादली त्याची.

झाड मात्र वाढलं. काय वाढलं म्हणता! नारळाच्या सालीचे तुकडे आणि मॉस, म्हणजे सुकं शेवाळ, भरलेली कुंडी, त्यात उभी काठी, काठीला धरून वेल वर वर गेली आणि सहा वर्षांत खिडकीच्या वरच्या गजाला टेकली. तांबे पाण्याच्या पेल्याएवढे झाले. पोपटी अंगावर लाल शिंतोडे, आणि काठ असा गडद डाळिंबी की जरीवाल्याने बघून शिकावं. आमच्या ऑफिसातले म्हातारे चपराशी, सगळे त्यांना चाचा म्हणत, रेकॉर्ड रूममधली बारकी झुरळं चिमटीत धरून आणत आणि अदबीने तांब्यात सोडत. झाडाला बडेसाब हे नाव त्यांनीच दिलं.

"पूरे दफ्तर में," चाचा म्हणायचे, "खाके काम करने वाला येकीच है साब."

कामासाठी आलेली माणसं आधी बडेसाबला बघून जात, मग कामाचं विचारत. मी खुर्चीतून उठून व्याख्यान देई. झाकणावर बोट ठेवून, काठावरून बोट फिरवून, मुंगी कशी घसरते याचा अभिनय करून. एक पेन्शनर तर काम झाल्यावरही तीन वेळा आले, शेवटच्या वेळी नातवंडं घेऊन. इकडे घराच्या गच्चीवरही हिरव्या जाळीखाली माझा संग्रह सात जातींवर गेला होता. बायको पाहुण्यांना सांगे, "यांनी वाघ पाळलेत, पण पाणी मी घालते." तरी मुकुट कोणाचा म्हणाल तर बडेसाबचाच.

जानेवारीत प्रदर्शन असे. लागोपाठ दोन वर्षं आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं दोन्ही वर्षं बरकतपुऱ्यातल्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंच्या बोन्साय वडाला. वडाचं वय चाळीस, उंची वीतभर. मी दोन्ही वेळा बाईंचं अभिनंदन केलं आणि दोन्ही वेळा घरी येऊन जेवलो नाही. तिसऱ्या वर्षी मात्र डिसेंबरातच बडेसाबवर पंधरा तांबे होते. पंधरा. एका वेळी, एका वेलीवर, हैदराबादेत. वड जिंकणं शक्यच नव्हतं.

आणि त्याच डिसेंबरात वाटणीचा हुकूम आला.

राज्याचे दोन झाले होते, हैदराबादकडचं एक आणि विजयवाड्याकडचं एक, त्याला तोवर काळ लोटला होता. इमारत तीच, जिना तोच, फक्त दारावर पाट्या दोन. कोण इकडे, कोण तिकडे, याच्या याद्या लागत, हरकती येत, याद्या बदलत. मी नल्लकुंट्यात जन्मलेला, माझा प्रश्नच नव्हता. तम्मुडूचं गाव नव्या सीमेपलीकडचं, त्याचं नाव तिकडे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण इतक्या उशिरानंतर ते इतकं घाईने होईल असं वाटलं नव्हतं. शुक्रवारी इथून मोकळं व्हायचं आणि सोमवारी विजयवाड्यात हजर. प्रदर्शन दोन आठवड्यांवर.

सेक्शनमध्ये पहिला प्रश्न चाचांनी विचारला. "बडेसाब किसके हिस्से में?"

मग जो तो निवाडा देऊ लागला. कुंडी इथली, म्हणून झाड इथलं. पाणी त्याने घातलं, म्हणून झाड त्याचं. टायपिस्टबाई म्हणाल्या, "दहा वर्षं सामाईक राहू द्या, दोन्ही राज्यांच्या राजधानीसारखं." सगळे हसले. तम्मुडूही हसला, आणि दुपारी डबा खाताना हळूच म्हणाला, "अन्नय्या, शेंडा मला द्याल? मुळं तुमच्याकडे राहू देत."

मागणी रास्त होती, आणि ती किती रास्त आहे हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. घटपर्णीचा शेंडा कापून ओल्या मॉसमध्ये लावला तर त्याला मुळं फुटू शकतात. खाली उरलेल्या खोडालाही नवे कोंब येतात. म्हणजे एका झाडाची दोन होतात. पण कापलेल्या शेंड्याला मुळं नसतात, तो पानांना पाणी पुरवू शकत नाही. म्हणून प्रत्येक पान अर्धं कापावं लागतं. खालच्या खोडाचीही तशीच छाटणी, आणि तांबे तर पानांच्या टोकालाच. पंधराच्या पंधरा जाणार होते. प्रदर्शनात मी काय नेणार, काठी?

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. आवाज प्राध्यापकासारखा खाली आणला आणि म्हणालो, "शेंडा जगत नाही, तम्मुडू. माझा अनुभव आहे." अनुभव शून्य होता. "त्यापेक्षा खाली बुंध्याशी हा कोंब आलाय ना, तो मुळासकट घेऊन जा. वर्ष-दोन वर्षांत असाच होईल."

कोंब बोटाएवढा होता. दोन पानं, त्यातलं एक पिवळं.

त्याने कोंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सरे, अन्नय्या," म्हणाला. म्हणजे ठीक आहे. डबा बंद केला आणि धुवायला घेऊन गेला.

त्या रात्री मी व्यवस्थित जेवलो, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

सरकारी माणूस टेबल सोडतो तेव्हा नुसता उठून जात नाही. तो चार्ज देतो. कपाटाच्या किल्ल्या किती, शिक्के किती, कुठली फाइल कुणाकडे अडकली आहे, याची यादी करतो. घेणारा ती वाचतो, मोजून बघतो आणि खाली 'मिळाले' म्हणून सही करतो. तम्मुडूचा चार्ज माझ्याकडे आला होता. शुक्रवारी दुपारी त्याने माझ्यासमोर तीन कागद ठेवले. पहिला फाइलींचा. दुसरा किल्ल्या आणि शिक्क्यांचा. दोन्हींवर सह्या केल्या. तिसरा उचलला तर त्याच नमुन्यात, तशाच टायपात, वर विषय लिहिलेला: खिडकीतील झाड.

कागद इंग्रजीत होता, पण मला तो मराठीत पाठ आहे.

झाड एक. तांबे पंधरा, पैकी उघडलेले तेरा, झाकण न उघडलेले दोन.

बादली निळी, एक. कडी डाव्या बाजूने सुटते, खालून हात लावावा.

दुसरा शनिवार व सलग सुट्ट्यांमध्ये एसी बंद असतो. आदल्या दिवशीचे पाणी गॅलरीत झाकून ठेवावे व मधल्या दिवशी येऊन घालावे. वॉचमनला सांगून ठेवले आहे, तो दार उघडतो.

वरून सहाव्या तांब्याचे झाकण नाजूक आहे. पाहुण्यांना दाखवताना अन्नय्या त्याला हात लावतात. ते बंद करावे.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत साहेब एसी लावत नाहीत. त्या काळासाठी पावसाचे पाणी. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जमा करतो. शिल्लक तीन कॅन, आज आणून जिन्याखाली ठेवले आहेत. रोज एक बाटली पुरते.

आणि शेवटी: घेऊन जात आहे, कोंब एक, अन्नय्यांच्या परवानगीने.

मी कागद पुन्हा वाचला. थंडीत साहेब एसी लावत नाहीत. सहा हिवाळे गेले, आणि हा विचार माझ्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता. डोकं माझं, म्हणत होतो ना. कुकटपल्लीहून आमच्या ऑफिसापर्यंत दोन बस बदलून हा माणूस रोज पिशवीत एक बाटली पाणी आणत होता, आणि मी समजत होतो ती त्याच्या पिण्याची. जानेवारीत, म्हणजे नेमक्या त्याच पाण्यावर झाड टवटवीत असताना, मी प्रदर्शनात उभा राहून लोकांना एसीच्या पाण्याचं रहस्य सांगत होतो.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही प्रदर्शनात ते एसीचं इतकं छान सांगता, अन्नय्या," तो म्हणाला. "मध्ये कशाला बोलायचं?"

"आणि मी शेंड्याचं जे बोललो ते खोटं होतं."

"माहीत आहे."

"मग सरे कशाला म्हणालास?"

"प्रदर्शन आहे ना तुमचं."

त्याने पेन पुढे केलं. 'मिळाले' लिहून सही करायची होती. मी पेन घेतलं, शेवटच्या ओळीतला 'कोंब' शब्द खोडला, त्यावर 'शेंडा' लिहिलं आणि शेजारी बारकी सही केली, खाडाखोड झाली की करतात तशी. मग चाचांना हाक मारली आणि नवं ब्लेड मागितलं.

आता हे मान्य करायला हवं की पश्चात्ताप झाला तरी माणसाचा स्वभाव बदलत नाही. मी बाह्या वर केल्या. टेबल मोकळं करवलं, वर वर्तमानपत्र पसरलं. लाख वितळवायची मेणबत्ती पेटवून ब्लेड तिच्या ज्योतीवर धरलं, निववलं, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या स्पिरिटने पुसलं. तोवर सगळा सेक्शन गोल जमला होता, इकडचे आणि तिकडचे. सहा वर्षांची वेल, आणि मी आयुष्यात शेंडा कापलेला नव्हता. वाचलेलं तेवढं खरं. चूक झाली तर दोन झाडं नव्हे, दोन मढी.

वरून चौथ्या पानाखाली, तिरका, एकाच ओढीत. कापला.

मग पानं. प्रत्येक पान अर्धं. प्रत्येक पानाबरोबर एकेक तांब्या. खालच्या बाजूचेही काढले आणि खोड फूटभर राखून वरचं छाटलं, कारण सगळं बळ आता नव्या कोंबांना लागणार होतं. तम्मुडू एकेक तांब्या दोन्ही हातांत झेलून चाचांकडे देत होता, आणि चाचा ते खिडकीच्या कठड्यावर ओळीने उभे करत होते. टायपिस्टबाई आधी काहीतरी विनोद करत होत्या, सहाव्यानंतर त्यांनी तो सोडला.

बाराव्या तांब्याला साहेबांचं दार उघडलं. त्यांनी पसरलेला कागद पाहिला, मेणबत्ती पाहिली, गर्दी पाहिली.

"यहाँ क्या चल रहा है?"

"बडेसाब का ट्रान्सफर है, सर," चाचा म्हणाले.

साहेबांनी दार आतून लावून घेतलं. चांगले अधिकारी होते ते.

शेंडा ओल्या मॉसमध्ये गुंडाळला, पिशवीत हवा भरून तोंड बांधलं, आणि ती पिशवी तम्मुडूने डब्याच्या थैलीत उभी ठेवली. तिसऱ्या कागदावर मी सही केली. त्याने खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

प्रदर्शनात मी गेलो. आणि रिकाम्या हाताने गेलो नाही. कुंडी घेऊन गेलो. फूटभर खोड, चार अर्धी पानं. रीतसर नंबर लावला, मांडणीत ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, निदान आजच्या दिवस लोकांना हसवू नका." परीक्षक दोनदा पुढून गेले आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं की झाड कुणीतरी चोरून नेलं. पहिलं बक्षीस वडाला. त्यानंतर प्राध्यापिकाबाई स्वतः माझ्या कुंडीपाशी आल्या.

"हे काय?"

"अर्धं झाड आहे, बाई."

"आणि दुसरं अर्धं?"

"विजयवाड्याला."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वाकल्या, कापलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या. चाळीस वर्षं कात्री चालवलेली बाई ती. म्हणाल्या, "कापलंय मात्र सुंदर."

दुसऱ्या बक्षिसाच्या दोन चौकटी आमच्या भिंतीवर आहेत. त्या आल्या-गेल्याला दाखवतो. पण अभिमान वाटतो तो त्या तीन शब्दांचा.

माझ्या खोडाला होळीच्या सुमारास तीन कोंब फुटले. मी लगेच फोन केला. त्याच्या शेंड्याला अजून काही नव्हतं. मग दर रविवारी फोन. एक पान गळलं. दुसरं गळलं. विजयवाड्याचा उन्हाळा असा की त्यापुढे हैदराबाद हिमालय वाटावं. त्याने शेंडा न्हाणीघरात नेऊन ठेवला, घरच्यांची आंघोळ त्याच्या सोयीने होऊ लागली. मे महिन्यात एकच पान उरलं. "ओढून बघू का अन्नय्या, मुळं आहेत का?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. हात लावायचा नाही. जे आहे ते वरून दिसेल. त्या महिन्यात मी माझ्या तीन कोंबांकडे बघायचंही टाळत होतो.

पाऊस सुरू झाला आणि त्याचा फोन आला, रविवार नसताना, ऑफिसच्या वेळात. शेंड्यातून नवं पान सरळ वर आलं होतं. पानाच्या टोकाला तार होती. मी सेक्शनमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं, ज्यांनी कापताना पाहिलं होतं त्यांना आणि नव्याने आलेल्यांनाही, दोनदा.

तांब्या धरायला आणखी तीन महिने गेले. मग फोटो आला. खिडकी अनोळखी, उजेड अनोळखी, पण काठ तोच, डाळिंबी. शेजारी शाळेतली पट्टी उभी धरलेली. साडेचार इंच.

"तुमच्याकडचा केवढा?" त्याने विचारलं.

मी उठून खिडकीत मोजून आलो. माझा पुरता चार. मी म्हटलं, पाच.

"फोटो पाठवा ना, अन्नय्या."

उद्या पाठवतो म्हणालो. त्याला आता आठवडा झाला. रोज सकाळी पावसाचं पाणी घालतो, तांब्याला पट्टी लावतो, आणि माझ्यासाठी त्याने इंचभर तरी वाढावं म्हणून त्याची समजूत काढत बसतो.